वड्याचे तेल वांग्यावर

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेली मोटार कोगनोळीच्या नाक्यावर आली म्हणजे तिची गती आपोआप मंदावते. दोन राज्यांच्या सीमेवरील हे ठिकाण. येथे रस्त्याच्या कडेला खाकी गणवेशातील कोणी ना कोणी उभा असतोच. वैशाखातील ऊन असो की आषाढातील झड असो, हातात काठी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर एक प्रकारचा कठोरपणा, अशी त्याची मूर्ती आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपण मोटारीतून त्याच्याकडे पाहतो, तो आपल्याकडे पाहतो, आणि क्षणभरात आपण पुढे निघून जातो. त्या कठोर चेहऱ्यामागे एक मन आहे, त्या मनालाही घरदाराच्या चिंता आहेत आणि कोणाच्या तरी शब्दाचा घाव त्यालाही लागलेला असू शकतो, हा विचार आपणापैकी किती जणांच्या मनात येतो?

हा प्रश्न आमच्या वाचकांना परका वाटू नये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील खेड्यांतून पहाटेच्या अंधारात धावण्याचा सराव करणारी मुले, आणि आता मुलीही, आपण पाहतोच. पोलीस भरतीच्या यादीत नाव लागले की घरात पेढे वाटले जातात. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार आणि गावात मान! आईबापांना कृतकृत्य वाटते, व ते योग्यच आहे. परंतु त्या नोकरीबरोबर घरात आणखी एक गोष्ट प्रवेश करते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मनावरचे ओझे. हे ओझे कोठून येते, शेवटी कोणाच्या माथ्यावर जाऊन पडते आणि ते हलके कसे करता येईल, याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

व्यासपीठावरील एक क्षण

२८ एप्रिल २०२५ रोजी बेळगावात एका राजकीय पक्षाची मोठी सभा भरली होती. त्या वेळी कर्नाटकाचे मुख्यमंत्री असलेले श्री. सिद्धरामय्या भाषण करीत होते. इतक्यात विरोधी पक्षाच्या काही महिला कार्यकर्त्यांनी सभेत काळे झेंडे दाखवून घोषणा दिल्या. भाषणात व्यत्यय आला. मुख्यमंत्री संतप्त झाले आणि बंदोबस्तावरील अधिकाऱ्याला त्यांनी व्यासपीठावर बोलावून घेतले. धारवाडचे अतिरिक्त पोलीस अधीक्षक श्री. नारायण भरमनी हे त्या दिवशी बंदोबस्तासाठी बेळगावात आले होते. ते पुढे झाले. मुख्यमंत्र्यांनी सर्वांसमक्ष त्यांना खडसावले आणि मारण्याच्या आविर्भावात हात उगारला. अधिकारी एक पाऊल मागे सरले. हात खाली आला, सभा पुढे चालू झाली. परंतु तो क्षण दूरचित्रवाणीवर आणि घरोघरीच्या मोबाईलवर पुनःपुन्हा दाखविला गेला.

पुढे जून महिन्यात श्री. भरमनी यांनी सरकारकडे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. तो अर्ज जुलैमध्ये लोकांपुढे आला, तेव्हा त्या क्षणाची दुसरी बाजू उजेडात आली. आपला काही अपराध नसता सर्वांदेखत आपला अवमान झाला, घरी पत्नी व मुलांना अश्रू आवरले नाहीत, आणि नंतर कोणी धीराचा शब्दही बोलले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तीन दशकांहून अधिक काळ गणवेशात काढलेल्या माणसाचे हे उद्गार. त्यानंतर त्यांची समजूत घालण्यात आली, ते पुन्हा कामावर रुजू झाले आणि बेळगाव शहराचे पोलीस उपायुक्त म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या प्रसंगाचे राजकारण करण्याची आमची इच्छा नाही. त्या क्षणी कोणाच्या मनात काय होते, याचा निवाडाही आम्ही करीत नाही. सत्तेवर कोणताही पक्ष असो, असे प्रसंग लहानमोठ्या प्रमाणात सर्वत्र घडत असतात. आम्ही येथे एकाच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. हात गालाला लागला नव्हता, तरी घाव एका घरापर्यंत पोहोचला. जो अधिकारी शेकडो शिपायांना हुकूम देतो त्याच्या घरी जर अश्रू गळाले, तर ज्याच्या वर दहा साहेब आणि खाली कोणीही नाही अशा साध्या शिपायाच्या घरी काय होत असेल?

राग खाली उतरतो

आपल्या आजीच्या तोंडी एक म्हण होती: वड्याचे तेल वांग्यावर. ज्याचा राग आला त्याच्यावर तो काढता येत नाही, म्हणून जो हाती सापडेल त्याच्यावर काढावयाचा. पोलीस खाते हे शिडीसारखे आहे. शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार, निरीक्षक, उपअधीक्षक, अधीक्षक, आणि त्यांच्याही वर मंत्री. शिडीच्या वरच्या पायरीवर सांडलेले उकळते तेल पायरी-पायरीने खाली उतरते. प्रत्येक जण ते खालच्यावर ढकलून आपला हात पोळण्यापासून वाचवितो.

समजा, सकाळी वरिष्ठांच्या बैठकीत एका साहेबांना चारचौघांत बोल बसला. दुपारी त्यांनी ठाण्यात येऊन फौजदाराला फैलावर घेतले. फौजदाराने हवालदारावर आवाज चढविला, हवालदाराने शिपायाची रजा नाकारली. आता शिपायाच्या खाली कोण? ठाण्यात तक्रार घेऊन आलेली एखादी गरीब विधवा, रस्त्यावरचा भाजीवाला, दुचाकीवरून शाळेला निघालेला पोर. त्यांच्यावर काठी आपटली जाते, नको तो शब्द तोंडातून निघतो. आणि तरीही जे उरते ते रात्री घरी येते. ‘बाबा आले’ असे म्हणताच जेथे मुलांनी धावत दाराशी जावयाचे, तेथे ती पुस्तकात तोंड खुपसून बसतात. सूनबाई ताट वाढते आणि गप्प उभी राहते. सासूबाई हळूच विचारतात, “काय झालं रे बाळा?” आणि उत्तर येते, “काही नाही. तुला काय कळतंय त्यातलं?”

सकाळच्या बैठकीतील तो एक शब्द अखेर कोठे पोहोचला पाहा! जिने कोणाचेच काही बिघडविले नव्हते त्या म्हाताऱ्या आईच्या ताटात तो येऊन पडला. अपमानाचा हा नियमच आहे. तो सर्वात दुबळ्या माणसापाशी जाऊन थांबतो.

झोप नाही, सुट्टी नाही

माणूस मुळातच दमलेला असला म्हणजे त्याला शब्द अधिक लागतात. म्हणून या खात्यातील श्रमांचाही विचार केला पाहिजे. भारत सरकारच्या पोलीस संशोधन व विकास विभागासाठी २०१४ साली देशभर एक पाहणी झाली. ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसास आठ तासांहून अधिक काम करतात, असे तीत आढळले. ठाणे अंमलदारांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले की, आमची माणसे अकरा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ कामावर असतात. महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळू शकत नाही, असे सांगणाऱ्या अंमलदारांचे प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांश होते. सुट्टी साप्ताहिक आणि ती महिन्यातून एकदाही नाही, ही कसली सुट्टी?

आपल्या सीमाभागात तर बंदोबस्त हा पोलिसांच्या पाचवीला पुजलेला आहे. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांचे स्मरण असते. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन. २०१२ साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. तेथे हिवाळी अधिवेशन भरले की राज्याच्या कानाकोपऱ्यांतून पोलीस बेळगावात आणले जातात, मिळेल तेथे झोपतात, मिळेल ते खातात. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्रातील मालमोटारींवर दगड पडले, आणि कोगनोळीच्या नाक्यावर रात्रंदिवस पहारे बसले. ज्यांनी १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन पाहिले आहे, त्यांना महामार्गावर ठाण मांडून बसलेले शेतकरी आणि ६ एप्रिलचा तो गोळीबार आजही आठवत असेल. त्या दिवशी शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते दुःख कोणत्याही स्पष्टीकरणाने कमी होणारे नाही. परंतु बंदूक आणि थकलेले, भ्यालेले, चिडलेले मन एकत्र आले म्हणजे केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

शिवाय सीमाभागातील मराठी घरातल्या पोलिसावर एक निराळाच भार असतो. त्याच्या घरी मराठी, ठाण्यात कन्नड. १ नोव्हेंबरला ज्या फेरीसमोर तो काठी घेऊन उभा असतो, त्या फेरीत त्याचा मामा किंवा शाळासोबती असू शकतो. इकडचे म्हणतात, ‘तू आमचा राहिला नाहीस.’ तिकडचे म्हणतात, ‘तू आमचा कधीच नव्हतास.’ कानडी घरातील पोलिसालाही मराठी गल्लीत उभे असता असेच बोल ऐकावे लागतात. दोघेही आपले कर्तव्यच करीत असतात.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार

गिरणीतील कामगाराला अन्याय झाला तर संघटना आहे. शिक्षकांना आहे, बँकेतील कारकुनांना आहे. पोलिसाला ती वाट जवळजवळ बंद आहे. शिस्तीच्या दृष्टीने १९६६ साली केंद्र सरकारने एक कायदा केला. त्यान्वये पोलिसांना परवानगीवाचून कामगार संघटनेत सामील होता येत नाही, वृत्तपत्रांकडेही धाव घेता येत नाही. हाती शस्त्र असलेल्यांना शिस्त हवीच, यात शंका नाही. परंतु तोंड बांधावयाचे असेल तर कान उघडे ठेवण्याची जबाबदारी वरिष्ठांवर दुप्पट येते. ती पाळली नाही म्हणजे काय होते, हे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईने पाहिले. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेताच साचलेला असंतोष भडकला, शहरात दंगल उसळली आणि सैन्याला पाचारण करावे लागले.

आपल्या राज्यातही २०१६ साली तशीच वेळ येऊन ठेपली होती. अपुरा पगार, न मिळणारी रजा आणि वरिष्ठांकडून होणारा छळ या कारणांसाठी कर्नाटकातील हजारो पोलिसांनी ४ जून रोजी एकाच वेळी रजेवर जाण्याचा बेत केला होता. सरकारने कडक उपाय योजले आणि तो बेत फसला. त्यानंतर श्री. राघवेंद्र औरादकर या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व २०१९ साली वेतनात सुधारणा झाली. पगार वाढला हे चांगलेच झाले. पण मानहानीची भरपाई पगाराने होत नाही.

२०१६ सालीच जुलैच्या पहिल्या आठवड्यात कर्नाटकाच्या दोन पोलीस उपअधीक्षकांनी दोन दिवसांच्या अंतराने आपले जीवन संपविले. एकाचा अंत मडिकेरीत झाला, दुसऱ्याचा आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील एका गावी. दोन्ही प्रकरणांची कारणे निरनिराळी होती. त्यांची चर्चा येथे नको. मृतांना प्रभू चिरशांती देवो. परंतु अधिकारपदावरचा, शिकलासवरलेला माणूसही एकटा पडू शकतो, आणि एकटेपणात त्याला पुढची वाट दिसेनाशी होते, एवढा बोध तरी आपण घ्यावा. त्या वाटेच्या अलीकडे कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवावयास हवा होता.

मनाचे शहाणपण म्हणजे काय?

अलीकडे मानसशास्त्रात ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द रूढ झाला आहे. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९० साली त्याची मांडणी केली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकाने तो जगभर पसरला. शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्या मनात या घडीला काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, समोरच्याच्या मनात काय चालले असेल ते जाणणे आणि त्याप्रमाणे बोलणे-वागणे, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत पहिला आलेला माणूस यात नापास होऊ शकतो आणि निरक्षर आजी यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊ शकते.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, मनाचे शहाणपण म्हणजे मुकाट्याने सोसणे, राग गिळून टाकणे. तसे नाही. गिळलेला राग पचत नाही. तो झोप उडवितो, रक्तदाब वाढवितो, कित्येकांना बाटलीकडे ओढतो आणि एक दिवस भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो. राग खालच्यावर ओतणे हे जसे शहाणपण नव्हे, तसे तो गिळणे हेही नव्हे. तिसरी वाट आहे. ‘मला हे लागले’ असे स्वतःशी कबूल करावयाचे, विश्वासाच्या माणसापाशी बोलावयाचे, आणि अन्याय असेल तर तो योग्य दारी, योग्य शब्दांत मांडावयाचा.

श्री. भरमनी यांच्या पत्राकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. त्यांनी व्यासपीठावर उलट हात उगारला नाही, हाताखालच्या शिपायांवर दात-ओठ खाल्ल्याचेही कोणी म्हटले नाही. त्यांनी आपले दुःख कागदावर उतरवून ते सरकारदरबारी पाठविले. ‘माझ्या घरची माणसे रडली’ हे लिहिण्यास गणवेशातील पुरुषाला केवढे धैर्य लागले असेल! रडू लपविण्यात पुरुषार्थ मानणाऱ्या आपल्या समाजाने त्यातून शिकण्यासारखे आहे.

वरिष्ठाने कसे असावे, याचे उदाहरण आम्हां ख्रिस्ती लोकांना दूर शोधावयास नको. कफर्णहूम गावचा शताधिपती आपणास ठाऊक आहे. शंभर शिपाई त्याच्या हाताखाली होते. त्याचा शब्द म्हणजे हुकूम. तरी तो स्वतःही दुसऱ्याच्या हुकुमाखालील माणूस आहे, हे तो विसरला नव्हता. कदाचित म्हणूनच घरी खितपत पडलेल्या आपल्या चाकराचे दुःख त्याला दिसले आणि त्याच्यासाठी तो प्रभू येशूपाशी विनवणी करावयास गेला. हाती अधिकार आणि अंतःकरणात करुणा, दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा तो साक्षीदार आहे.

व्यवस्था बदलता येते

माणसाने मन सांभाळावे हे खरे, पण सोळा तास उभे ठेवून कोणास ‘मन शांत ठेव’ असा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. व्यवस्थाही बदलली पाहिजे, आणि ती बदलता येते. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातील श्री. रवींद्र पाटील या शिपायाने विचार करून, आकडेमोड करून, उपलब्ध माणसांतच आठ-आठ तासांच्या पाळ्या कशा बसविता येतील याचा आराखडा तयार केला आणि तो थेट पोलीस आयुक्तांपुढे ठेवला. आयुक्त श्री. दत्ता पडसलगीकर यांनी ‘शिपायाने आम्हांस शिकवावे काय?’ असे म्हटले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात तो प्रयोग सुरू केला. पुढे तो मुंबईतील इतर ठाण्यांतही नेण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांच्या कामाचा आदेश काढला.

या गोष्टीत आम्हांला दोन माणसे मोठी वाटतात. एक, कुरकुर करीत न बसता उपाय शोधणारा शिपाई. दुसरे, त्याचे म्हणणे ऐकून घेणारा साहेब. वरचा माणूस ऐकू लागला की तीच शिडी उलट दिशेने उपयोगी पडते. खालची विचारपूस वर जाते आणि वरची माया खाली उतरते.

बदलीचे हत्यारही असेच. मनाविरुद्ध गेलेल्या माणसाला लांब फेकून द्यावयाचे, हा छळाचा जुना प्रकार आहे. त्याला आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत आणि बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ असावे, असे आदेश दिले. पोलिसांकडून ज्यांना जाच होतो त्या नागरिकांसाठी तक्रार प्राधिकरणे असावीत, असेही त्याच निकालात सांगितले आहे. अन्याय पोलिसावर होवो की पोलिसाकडून होवो, दाद मागण्याचे दार दोघांनाही हवे.

लेकींसाठी

आता आमच्या मुलीही गणवेश चढवू लागल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कामाच्या ठिकाणी कोणी घाणेरडे बोलले, अंगलट आला, किंवा रजा-बदलीच्या बदल्यात नको ती अपेक्षा केली, तर तो ‘नशिबाचा भाग’ नव्हे. तो गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली संसदेने यासाठी खास कायदा केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असतात, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया असून चालत नाही, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची असते. पोलीस खातेही या कायद्याच्या कक्षेत येते.

‘साहेब एवढे मोठे, आपले कोण ऐकणार?’ असे वाटते खरे. परंतु तामिळनाडूत २०२१ साली एका महिला पोलीस अधीक्षकांनी चक्क आपल्या विशेष पोलीस महासंचालकांविरुद्ध तक्रार केली. तक्रार देण्यास निघाल्या असता त्यांना वाटेत टोलनाक्यावर अडविण्यात आले. तरी त्या डगमगल्या नाहीत. जून २०२३ मध्ये विल्लुपुरमच्या न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणून आईबापांनो, मुलीने घरी येऊन असे काही सांगितले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिला विचारू नका. प्रथम तिला जवळ घ्या आणि मग कागद-लेखणी घेऊन तारीखवार सर्व लिहून काढा.

आपण घरची माणसे

सरकार आपले काम करील तेव्हा करील. आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे.

पोलीस मुलगा किंवा सून कामावरून आली की, आल्या-आल्या घरातील कागाळ्या त्यांच्यापुढे मांडू नयेत. हातपाय धुऊन चहा घेईपर्यंत उसंत द्यावी. नंतर एखाद्या निवांत वेळी जवळ बसून विचारावे. उत्तर आले नाही तरी रागावू नये. विचारणारे कोणी आहे, हे कळले तरी निम्मे ओझे उतरते. ‘पुरुषासारखा पुरुष आणि डोळ्यांत पाणी?’ हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार करावे.

नातेवाईक व गावकऱ्यांनी त्याच्याकडे वशिल्यासाठी जाऊ नये. ‘आमच्या पोराला सोडीव’, ‘त्याची गाडी पकडलीय, साहेबांना सांग’ अशा मागण्यांनी तो बिचारा दोन्ही बाजूंनी चिरडला जातो. केले तर नोकरी जाते, न केले तर नाते तुटते.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कामाचा ताण हे कारण असेल, पण तो परवाना नव्हे. साहेबाचा राग बायकोच्या अंगावर निघत असेल, तर ते सोसणे म्हणजे पतिनिष्ठा नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी मध्ये पडावे. २००५ च्या कायद्याने अशा स्त्रीला संरक्षण दिले आहे, आणि १८१ या क्रमांकावर तिला साहाय्य मिळू शकते.

झोप उडणे, जेवण टाकणे, माणसे टाळणे, दारू वाढणे, ‘आता कंटाळा आला सगळ्याचा’ असे वारंवार बोलणे, ही लक्षणे दिसली तर ती थट्टेवारी नेऊ नयेत. ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. मनाला ताप आला तरी तसेच जावे. त्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून वा कन्नडमधून, जाणकार माणसाशी बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

आणि जो वाचक स्वतःच कोणाचा तरी साहेब आहे, मग तो पोलीस ठाण्यातील असो, कारखान्यातील असो, शाळेतील असो, वा आपल्याच घरातील कर्ता पुरुष असो, त्याला आमची हात जोडून विनंती आहे. वरून आलेले उकळते तेल आपल्या पायरीवरच थांबवा. चूक दाखवावयाची तर एकांतात दाखवा, कौतुक करावयाचे तर चारचौघांत करा. रागाचा शब्द निघून गेलाच, तर दुसऱ्या दिवशी ‘काल माझे चुकले’ असे म्हणण्यास लाजू नका. त्याने खांद्यावरची एकही पट्टी कमी होत नाही.

पुढील वेळी कोगनोळीच्या नाक्यावर मोटार थांबली, तर उन्हात उभ्या असलेल्या त्या शिपायाने मागितलेली कागदपत्रे निमूटपणे दाखवा आणि जमल्यास, “साहेब, पाणी घेता का?” एवढे विचारा. तो कदाचित नको म्हणेल. पण वरून खाली उतरत आलेली एखादी कठोर गोष्ट त्या दिवशी तेथेच थांबेल, आणि संध्याकाळी कोणा एका घरी मुले धावत दाराशी जातील.